धुऊन काढलेली फिल्म

सुमेधाने टीव्हीचा आवाज बंद केला आणि आतल्या खोलीतला बाबांचा खोकला बंद झाला.

पहिल्यांदा तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. दारावर भाजीवाली ओरडत होती, तिला नको म्हणायला सुमेधाने रिमोट दाबला होता. "नहीं चाहिए, अम्मा" म्हणून ती परत आली, रिमोट पुन्हा दाबला. पडद्यावर चटईवर मांडी घालून बसलेले जपानी गुंड पुन्हा बोलायला लागले आणि आत बाबा पुन्हा खोकले. आधी कोरडे ठसके, मग पार बेंबीपासून काही ओढून वर आणल्यासारखी ती ओली घरघर, मग जरा थांबणं. त्या थांबण्यात तोंडात काय जमलेलं असतं ते तिला माहीत होतं, म्हणून तिने सवयीने नाकाला ओढणी लावली.

मग तिच्या हातानेच, तिला न विचारता, रिमोट दाबला. शांतता. फक्त कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास.

पुन्हा दाबला. खोकला.

मे महिन्याची दुपार होती. खिडक्यांना चादरी लावलेल्या, तरी फटीफटीतून पांढरं ऊन आत येत होतं. अशा उजेडात घाबरायचं काय, असं स्वतःला सांगत ती आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली. बाबा दाराकडे तोंड करून झोपले होते. तोंड घट्ट मिटलेलं. खाटेखालच्या थुंकायच्या तसराळ्यात सकाळी तिने नाक दाबून नवी रेती घातली होती, ती तशीच कोरडी होती.

दिवस तसा चांगला सुरू झाला होता. सकाळी ती राजवाड्यामागच्या बोळात जयेशच्या दुकानात गेली होती. दुकान एके काळी व्हिडिओ लायब्ररी होतं. आता कॅसेटी जाऊन सीडी आल्या होत्या आणि बोर्डावरचा फक्त एक शब्द बदलला होता.

"आओ मॅडमजी," जयेश म्हणाला, "तुमचे गुंडे आले."

"खरंच?"

"खरंच म्हणजे! सिंगापूरहून माझ्या साडूच्या बॅगेत, बनियानात गुंडाळून. कस्टमवाल्यानं विचारलं ये क्या है, तर साडू म्हणाला, धार्मिक है साहब."

सुमेधा हसली. ती चटकन दचकणारी पोरगी. कॉलेजात मागून कुणी नाव घेतलं तरी हातातली वही पडायची. आता कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवताना पोरं मुद्दाम खुर्ची सरकवायची. तिला हे असले सिनेमे आवडतात हे कुणाला खरं वाटत नसे. पण त्यात भीती नव्हतीच. त्यातली माणसं मारण्याआधी वाकून नमस्कार करत. सगळं जागच्या जागी, घडी केलेलं. रक्तसुद्धा काळं, स्वच्छ, शाईसारखं. तिच्या कपाटात अशा डीव्हीड्यांची एक रांग होती. सगळ्या नव्याने साफ केलेल्या, बाहेरून मागवलेल्या. हात साबणाने धुतल्याशिवाय ती त्यांना शिवत नसे.

"साफ केलेलीच आहे ना? मागच्या वेळी जुन्या कॅसेटवरून उतरवलेली माझ्या गळ्यात मारलीत."

"कसम से. पाठीमागे वाचा ना. ओरखडे काढले, डाग काढले, आवाजातली खरखर काढली. हळदीला नवरीला नाही घासत इतकं." मग डबी पुढे करताना तो म्हणाला, "पण हीच का पाहिजे होती तुम्हाला? दोन वर्षं झाली, येता-जाता विचारता."

"लहानपणी पाहिलेली. आमच्या मिलच्या गेटवर. मिलला कुलूप लागलं, तेव्हा सगळे तिथेच धरण्यावर बसायचे. रात्री टीव्ही-व्हीसीआर लावायचे. मी बाबांच्या खांद्यावर बसून पाहिली होती. खाली अक्षरं नव्हती, काही नव्हतं. बाबाच मनाने डायलॉग बोलत होते. सगळं गेट हसत होतं."

जयेशचा हात डबीवरच राहिला.

"अच्छा... म्हणजे तुम्ही मिलवाले. ती कॅसेट आमचीच होती. पप्पा बसायचे तेव्हा दुकानात. मिलवाले म्हणाले मारामारीची काहीही द्या, तर पप्पांनी ही दिली. दुसरं कुणी नेत नव्हतं हिला."

"आहे ती अजून?"

"फेकली." त्याने रस्त्याकडे पाहिलं. "परत आली तर चालेचना. पप्पांनी खोलली. आत रुई भरलेली. ओली. आता कॅसेट तर बंद असते मॅडम, स्क्रू लावलेली. आणि वास... पप्पांना दोन दिवस अन्न गेलं नाही."

"कसला वास?"

"गुळाचा. सडलेल्या गुळाचा." जयेशने तळहात पँटला पुसला, जणू ती रुई अजून बोटांना होती. "छोडो ना. ये तो नई है. सील पॅक."

सील पॅकच होती. सुमेधाने घरी येऊन नखाने वरचा कागद सोलला तेव्हा आतून नव्या प्लास्टिकचा थंड वास आला. तिने तो छातीभरून घेतला. कारण घरात दुसरा वास होता.

भाऊराव, म्हणजे तिचे बाबा, कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजून त्याचा सुतासाठी पेळू होतो तिथे. हवेत सतत रुई उडायची. भुवयांवर, कानात, नाकात. पाळी सुटली की खात्यातले सगळे एकेक खडा गूळ तोंडात धरत. गूळ विरघळत घशातून उतरे, रुईला धरी, आणि मग सगळे ओळीने गटाराशी उभे राहून ती थुंकत. मिल बंद झाली, मशीन भंगारात गेली, भोंगा कुणी चोरला की विकला कोण जाणे. पण पाळी सुटायची वेळ झाली की बाबा अजून गूळ मागत. आणि थुंकत. इतकी वर्षं झाली, तरी त्या चिकट, पिवळ्या गोळ्यात पांढरे धागे निघत. डॉक्टर म्हणाले, असं होत नसतं. सुमेधाने डोळ्यांनी पाहिलं होतं.

आई, शशिकला, आठवडाभरासाठी महूला गेली होती, मावशीच्या ऑपरेशनला. जाताना तिने दारात उभं राहून पुन्हा पुन्हा बजावलं होतं.

"खोकतायत तोवर काळजी नको करू. खोकू दे. खोकला थांबला आणि ओ देत नाहीत असं झालं, तर आधी जाऊन हात लाव. कुशीवर वळव, पाठ थोपट. तरी नाही तर तोंडात बोट घालून काढ. दोन मिनिटाचं काम असतं बेटा, पण तेवढ्यात माणूस जातं."

"आई, शी! बोट?"

"माझी बोटं काय सोन्याची आहेत?" आई म्हणाली. "आणि हाका मारत बसू नको. मिलच्या माणसाला हाक पोचत नाही."

ते खरं होतं. खात्यात मशीनच्या आवाजात हाक ऐकूच येत नसे. बोलायचं ते ओठांनी, आवाजाशिवाय. आणि बोलवायचं तर मागून जाऊन खांद्यावर हात ठेवायचा. खांद्यावर हात म्हणजे हाक, आणि खांद्यावर हात म्हणजेच उत्तर. घरीही बाबांचं तेच. लहानपणी सुमेधा त्यांच्याशी ओठांनीच बोलायची. तिला त्या मुक्या बोलीतले थोडे शब्द अजून येत. पण मोठी झाली तशी ती खांद्याला हात लावेनाशी झाली. बनियान कायम ओलसर, त्याला कफाचा वाळलेला ओघळ. ती दारातूनच हाका मारी. तीनदा, चारदा. बाबा वळून पाहात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असे ते तिला बघवत नसे.

तर त्या दुपारी बाबा झोपलेले पाहून ती बाहेर आली. डीव्हीडीत बिघाड असेल. साफ करताना कुणाचा तरी खोकला राहून गेला असेल, तेव्हाच्या नटाचा, कॅमेऱ्यामागच्या माणसाचा. तो बाबांच्यासारखा वाटला, इतकंच. खोकले सगळे सारखेच.

तिने फिल्म थोडी मागे नेली.

जुगाराचा अड्डा होता. म्हातारा म्होरक्या मधोमध, दोन्ही बाजूंना त्याची माणसं, आणि मागे अंधार. गेटवर पाहिली तेव्हा तो अंधार नुसता काळा डबका होता. आता धुऊन काढल्यावर त्यातलं सगळं दिसत होतं: लाकडी भिंत, टांगलेला कंदील, ओळीने बसलेली माणसं. तिला आनंद झाला. यासाठीच तर ती पैसे घालायची, ह्या साफ दिसण्यासाठी.

मग तिला शेवटचा माणूस दिसला.

तो ओळीच्या जरा बाहेर बसला होता. बाकीच्यांचे केस काळे, तेल लावून मागे वळवलेले. याच्या डोक्यावर पांढरं काहीतरी होतं. आधी तिला वाटलं बर्फ. पण खोलीत बर्फ कसा? ते हलत होतं, श्वासाबरोबर उडत होतं. भुवयांवरही होतं. अंगात बिनबाह्यांचा बनियान. सगळे म्होरक्याकडे बघत होते. तो सरळ समोर बघत होता, सुमेधाकडे. आणि त्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. ओठ हलायचे, मग छाती आत ओढली जायची आणि तो खोकला यायचा. हनुवटीवरून काहीतरी जाड, हळूहळू, लोंबत खाली येत होतं. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये तेवढंच तिला पिवळं दिसलं.

तिचं बोट रिमोटच्या बटनावर गेलं.

"आवाज नको करू बंद."

ती किंचाळली. बाबा दारात उभे होते, चौकटीला धरून.

"बाबा! केवढी दचकले मी... तुम्ही झोपा ना."

ते आले आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसले. पडद्यावरच्या त्या माणसाकडे पाहून त्यांचा चेहरा उजळला, बाजारात कुणी जुना ओळखीचा भेटावा तसा.

"ओळखलं नाहीस? जयसिंगराव. माझ्या बाजूच्या मशीनवर होता. तुला गुळाचा खडा द्यायचा बघ, स्वतःच्या हिश्श्यातला."

"बाबा, ही जपानची फिल्म आहे. तुम्ही मिलमध्ये लागायच्याही आधीची."

"असेल," बाबा म्हणाले. "त्या रात्री गेटवर तो माझ्या पुढंच बसला होता. पूर्ण पिक्चर खोकत होता. सगळे वैतागले. अबे चूप बैठ ना यार, डायलॉग ऐकू दे. आता डायलॉग तर मीच बोलत होतो." ते हसले, हसताना छातीत काहीतरी हललं. "मग थांबला. सगळ्यांना बरं वाटलं. पिक्चर संपली, बत्ती लावली, तर बसलेलाच. तोंड उघडं. आत रुईचा बोळा, एवढा."

सुमेधाने पडद्यावरची नजर काढून बाबांकडे पाहिलं.

"हाका मारल्या होत्या आम्ही मधे. दोघा-तिघांनी. हात कुणी नाही लावला. सगळं अंग थुंकीनं भरलेलं असायचं ना त्याचं... घाण वाटायची."

हे म्हणताना बाबा तिच्याकडे बघत नव्हते. तरी तिने पदर सावरावा तशी ओढणी नाकावरून खाली घेतली.

"काय..." तिने पडद्याकडे बोट केलं. "काय म्हणतोय तो?"

बाबांनी डोळे बारीक केले. पडद्यावरचे ओठ पुन्हा हलले. बाबांचेही ओठ त्यांच्या मागून हलले, शाळेत पोरं बाईंच्या मागून म्हणतात तसे.

"हात लावा रे कुणी, म्हणतो."

तिने रिमोट उचलला. बाबांनी नुसती मान हलवून नको म्हटलं, आणि मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "पाळी सुटली. गूळ आण. दोन खडे."

"दोन?"

"दोन."

ती स्वयंपाकघरात गेली ती जवळजवळ पळतच. तिथे खिडकीतून ऊन येत होतं, नळ ठिबकत होता, सगळं नेहमीचं होतं. महूला फोन करू, असं तिने ठरवलं. मग आठवलं की फोन बाहेरच्या खोलीत आहे, टीव्हीशेजारी. गुळाचा डबा उघडला. उन्हाळ्याने गूळ पाघळून काळपट झाला होता, त्यात मुंग्या रुतून मेल्या होत्या. तिने सुरीच्या टोकाने दोन खडे सोडवले. एका खड्याला धागा चिकटला होता, पांढरा. तो ओढला तर लांबतच गेला. तिने तो धागा सुरीसकट मोरीत टाकला आणि दोन्ही खडे बशीत ठेवले.

बाहेर बाबा खोकले. त्यावर दुसरा खोकला आला. मग बाबा. मग तो. घाई नव्हती त्यात. दोन माणसं पाळी संपल्यावर फाटकापर्यंत चालत जाताना बोलतात तसं चाललं होतं.

मग वीज गेली.

ती रोजच जायची त्या उन्हाळ्यात. कूलरचा पंखा मंद होत होत थांबला. सुमेधाला क्षणभर हायसं वाटलं. टीव्ही बंद. आता जे ऐकू येईल ते बाबांचंच.

खोकला आला. एक. लगेच दुसरा.

ती ओट्याला पाठ लावून उभी राहिली. दोघंही खोकत होते. मग एकाची घरघर वर आली, वर आली, घशापाशी अडकली, आणि तिथेच थांबली. दुसराही थांबला.

घरात इतकी शांतता झाली की नळाचा थेंब पडलेला ऐकून ती दचकली. आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिला बरंच वाटलं. मग आईचे शब्द आठवले.

"बाबा?"

बशी हातात घेऊन ती दारापर्यंत आली. बाबा खुर्चीत पाठमोरे होते. मान किंचित कलती. टीव्हीची काच काळी झाली होती आणि त्या फुगीर काळ्या काचेत सगळी खोली दिसत होती: खुर्ची, बाबा, त्यांचं उघडं तोंड, मिटलेले डोळे, आणि मागे दारात ती, लहानशी.

"बाबा... गूळ आणलाय."

बशीत एकच खडा होता. दुसरा वाटेत पडला असेल, असं तिने ठरवलं.

"बाबा, ओ द्या ना..."

हाक पोचत नाही. तिला माहीत होतं. खुर्ची चार पावलांवर होती. आधी जाऊन हात लाव. दोन मिनिटाचं काम असतं. तिने एक पाऊल टाकलं, आणि तो वास आला, आंबूस, गोड. बाबांच्या बनियानाचा खांदा ओला होता, त्यावर पांढरट काहीतरी सांडलेलं होतं. तिची जीभ आपोआप मागे ओढली गेली. आणखी एक पाऊल. तिने हात पुढे केला. बोटं उघडली. वीतभर अंतर राहिलं. त्या ओलेपणाचा गारवा तिला बोटांच्या टोकांना जाणवला आणि हात तिथेच, हवेत, थांबला. गेटवरच्या त्या सगळ्यांचे हात असेच थांबले असतील.

"बाबा," ती पुटपुटली, "तुम्हीच बोला ना... प्लीज... कुणीतरी..."

तेव्हा तिच्या खांद्यावर मागून हात पडला.

जड होता, पण रागाचा नव्हता. ओळखीच्या माणसाने ठेवावा तसा. ओढणीतून त्याची ऊब आली, आणि मग चिकटपणा, गुळाचा, बोटाबोटाचा. मानेवर काहीतरी हलकं, मऊ उडत येऊन बसलं.

तिने मागे पाहिलं नाही. तिने समोरच्या काळ्या काचेत पाहिलं. तिथे बाबांचे डोळे उघडले होते. ते तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या खांद्याच्या जरा वर बघत होते, आणि चेहरा उजळला होता. ओठ गोल झाले. आवाज आला नाही. पण मुक्या बोलीतला हा शब्द ती सगळ्यात आधी शिकली होती, त्यांच्याच खांद्यावर हात ठेवून.

ओ.